उतारवयात उभारलेली पेढी : हसमुखभाई पारेख आणि घरासाठीचे कर्ज

परिग्रहपरिमाण व्रतात श्रावकाने ज्या वस्तूंची मर्यादा ठरवावयाची, त्यांच्या गणनेत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचा उल्लेख प्रथम येतो. माणसाचा जीव तेथेच अधिक गुंततो, हे आचार्यांनी ओळखले होते. सावकारीनेही ते ओळखले होते. म्हणून घर गहाण ठेवून कर्ज मिळे, पण घर बांधण्यासाठी क्वचितच. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या गावांतील नोकरदार भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यावर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर घराचा पाया खणी. ज्या मुलांसाठी घर, ती तोवर भाड्याच्या खोल्यांत वाढून परगावी गेलेली असत.

ही रीत पालटण्याचे मोठे श्रेय हसमुख ठाकोरदास पारेख यांना जाते. 1911 साली सुरत येथे जन्मलेल्या पारेखांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण घेतले. सभासदांच्या ठेवींतून घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या तेथील संस्था त्यांच्या मनात घर करून राहिल्या. पुढे मुंबईत रोखेबाजारातील पेढीत आणि 1956 पासून आयसीआयसीआयमध्ये त्यांची हयात गेली. तेथील कर्जे कारखान्यांसाठी होती; घराचा विचार मनातच राहिला. निवृत्तीनंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ऑक्टोबर 1977 मध्ये त्यांनी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनची स्थापना केली. भांडवल दहा कोटी रुपये होते. सरकारचा पैसा नव्हता. समभाग विक्रीस काढले तेव्हा प्रतिसादही बेताचाच मिळाला.

लोकांची शंका अगदीच गैर नव्हती. कर्ज थकले तर घर ताब्यात घेण्यासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे जात. त्यासाठी वित्तसंस्थांच्या हाती प्रभावी कायदा आला तो 2002 साली. म्हणजे तारण कागदावर भक्कम, व्यवहारात दुबळे. पारेखांच्या संस्थेने म्हणून वास्तूपेक्षा कर्जदाराच्या मासिक मिळकतीकडे अधिक पाहिले आणि तिला पेलेल असा हप्ता ठरवला. जुन्या पेढीवर जिला पत म्हणत, तीच येथे पगारपत्रकाच्या आधारे तोलली गेली.

त्यांचे पुतणे दीपक पारेख परदेशी बँकेतील नोकरी सोडून 1978 साली संस्थेत आले आणि 1993 मध्ये अध्यक्ष झाले. बांधकाम व्यावसायिकांना व व्यापारी इमारतींना दिलेली कर्जेही या काळात वाढली. हा प्रांत अधिक जोखमीचा. तरीही 2020 च्या करोनाकाळात, आपल्याच कर्जदार वर्गाला घरांच्या किमती उतरू द्या, असे दीपक पारेखांनी जाहीरपणे सांगितले. धनकोने असे बोलावे, हे विरळाच.

हसमुखभाईंना 1992 साली पद्मभूषण मिळाले. 1994 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संस्थेने स्थापलेल्या बँकेत 1 जुलै 2023 रोजी मूळ संस्था विलीन झाली. एचडीएफसी बँक या नावातील पहिले अक्षर घरासाठी आहे, हे आज तिच्या अनेक खातेदारांना ठाऊक नसते.