शेअर बाजार आपल्या दारी कसा आला

मराठी माणसाचे आणि शेअर बाजाराचे जमत नाही, असे आपणच हसत म्हणत आलो. माझे वडील तर त्याला सरळ सट्टा म्हणत. तरी १९७८ च्या सुमारास त्यांनीही एका कंपनीच्या शेअरसाठी अर्ज भरला. अंगात एकाएकी धाडस आले म्हणून नव्हे! १९७३ च्या फेरा कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले होते. शेअरची किंमत सरकारी नियंत्रक ठरवीत आणि ती बहुधा स्वस्तच असे. रोजच्या वापरातल्या साबण-टूथपेस्टच्या कंपनीत भागीदारी मिळते, हे नोकरदारांना पटले. १९७७ मध्ये रिलायन्सचा शेअरही १० रुपयांना विक्रीस आला.

घेणे सोपे होते, विकणे कठीण. मुंबईबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दलाल सांगेल तो भाव. त्यातून प्रमाणपत्र पोस्टाने जायचे. ताईच्या लग्नासाठी वडिलांनी शेअर विकायला काढले, ते ‘सही जुळत नाही’ म्हणून दोनदा परत आले. हात थरथरू लागला होता, सही जुळणार कशी? शेवटी पतपेढीचे कर्ज काढावे लागले. त्यानंतर घरात शेअरचे नाव निघाले नाही.

१९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात अनेकांचे हात पोळले. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. पण माझ्या मते खरा फरक पडला तो दोन रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींनी. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार सुरू झाला आणि उपग्रहाच्या तबकड्यांमुळे मुंबईचा भाव गावोगावच्या पडद्यावर दिसू लागला. १९९६ पासून डिमॅट आले, सहीचा घोळ संपला. मधे २००१ च्या जुलैत ‘युनिट ६४’चे व्यवहार स्थगित झाले, तेव्हा सरकारी म्हणून निर्धास्त असलेले निवृत्त लोकही हादरले. तरीही २०२२ मध्ये देशातील डिमॅट खाती १० कोटींवर गेली.

वडिलांचा सट्टा हा शब्द मात्र अगदीच चुकीचा नव्हता. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत वायदे व्यवहार करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ९ हून अधिकांना तीन वर्षांत तोटाच झालेला आढळला.

जाता जाता एक. कागदी शेअर एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याला विकून नावावर करून देता येत नाहीत. कोणाच्या ट्रंकेत वडिलांची अशी प्रमाणपत्रे असतील, तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे चौकशी करून ती डिमॅट करून घ्यावीत. आमची गेल्या वर्षी झाली.