पिरॅमिड घेऊन प्रवरेकाठी

३१ डिसेंबर १९५०. लोणीजवळच्या माळावर तुम्ही उभे आहात आणि तुमच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सगळ्यांचे डोळे नव्या सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीकडे. उसाची मोळी पडते, चरक फिरू लागतात आणि माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. मागे बैलगाड्यांची रांग पार पाटापर्यंत गेली आहे.

"पाव्हणं, कुठलं गाव?" शेजारचा फेटेवाला विचारतो.

सुपं, तुम्ही सांगता. तिथल्या एमआयडीसीत मनुष्यबळ विभाग सांभाळता हे सांगून उपयोग नाही, एमआयडीसी जन्माला यायलाच अजून बारा वर्षं आहेत. तुमच्या लॅपटॉपमध्ये मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड आहे: तळाशी भाकरी, वर सुरक्षितता, मग आपली माणसं, मान आणि टोकावर आत्मसिद्धी. मास्लोचा निबंध १९४३चा, म्हणजे या घडीला सात वर्षांचा. त्यात पिरॅमिडचं चित्र नव्हतंच, ते मागाहून दुसऱ्यांनी काढलं. पण प्रशिक्षणाला चित्र लागतंच.

फेटेवाल्याला तुमचा पिरॅमिड नको आहे. त्याला काटा दाखवायचा आहे. तो तुम्हाला दंडाला धरून वजनकाट्यापाशी नेतो. "खासगीवाल्याकडं माझी गाडी कायम हलकी भरायची. हितं गाडी माझी, काटाबी माझा. आता मारलं तर मीच मला मारनार!" आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसतो.

त्याच्या हसण्यात पुष्कळ वर्षांचा हिशेब आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, पाटाचं पाणी आलं, ऊस आला आणि त्यामागून सावकार आला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती. शाळा जेमतेम झालेला हा माणूस पुढे गावोगाव फिरून या कारखान्याच्या शेअरचे पैसे गोळा करत होता. १९४५च्या बागाईतदार परिषदेत धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कारखान्याची कल्पना मांडली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे हे गाडगीळच आता कारखान्याचे अध्यक्ष आहेत. असा अध्यक्ष आज कुठल्या कंपनीला मिळतो, हे तुम्ही मनातल्या मनात विचारून घेता.

जरा मागे जा, फार नाही, वीसेक वर्षं. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना धडधडतो आहे. आजूबाजूच्या गावांच्या जमिनी कंपनीने खंडाने घेतल्या आहेत, त्यामुळे जमीनधारक आता खंडकरी झाला आहे. स्वतःच्या रानात दुसऱ्याचा ऊस वाढताना तो बांधावरून बघतो, आणि कधी त्याच रानात रोजंदारीवर वाकतो. व्यवस्थापनाचा अभ्यासक मॅक्ग्रेगर १९६०मध्ये लिहील की काही साहेबांच्या मते माणूस मुळातच कामचुकार असतो, त्याला हाकावं लागतं. या मताला तो 'एक्स' म्हणेल. माणूस आपण होऊन जबाबदारी घेतो, या मताला 'वाय'. खंडकऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, आधी रान कुणाचं ते सांगा, मग माझ्या आळसाचं बोलू.

पुन्हा प्रवरेवर या. फेटेवाल्याला हुरूप कशामुळे आला, हे आता कोड्यात बोलायची गरज नाही. कारखान्याने पैसा कमावला तर तो उसाच्या दरात उतरतो, साखरेचा उतारा चांगला तर दर चांगला. गुळाचा भाव वर गेला की त्याचाही पाय घसरणार, सभासद असला तरी ऊस गुऱ्हाळाकडे वळवायचा मोह होणारच. पण वार्षिक सभेत उठून अध्यक्षाला जाब विचारता येतो. हे सुख पगारवाढीच्या पत्रात मावत नाही, हे तुमच्यापेक्षा कोण जास्त जाणतो?

आत चरकाशी उभा असलेला फिटर मात्र सभासद नाही. त्याला महिन्याचा पगार आहे. पुढे वेतन मंडळ येईल, बोनसचा कायदा येईल, हंगामी कामगाराला गाळप बंद असताना रिटेन्शनचे पैसे मिळतील. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग सांगेल की पगार आणि सोयी नसल्या तर माणूस चिडतो, पण असल्या म्हणून पेटून उठत नाही. बरोबर असेल. फिटरला पेटून उठायचं नाहीच, त्याला पोराला शाळेत घालायचं आहे.

खरी अडचण फडात आहे. तिथे तुमच्या एकाही स्लाइडचा पाय टिकत नाही.

तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. त्यातली साखर तासागणिक उतरते आणि गिरणीही मध्येच थांबवता येत नाही. म्हणून तोडणारा माणूस रात्री दोनलाही हाताशी हवा, आणि तसा हाताशी राहतो तो बाहेरून आलेला, फडाजवळच कोपी करून राहिलेला. पाथर्डीच्या कोरडवाहू गावांतून, पलीकडे बीडमधून तो येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची नावं असतात, हिशेबाला मात्र एक धरतात. दिवाळीच्या आधी मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि मग पाच-सहा महिने ती टनावर फेडायची. आजारपण, बाळंतपण, बैल बसला, काहीही झालं तरी खाडा मांडला जातो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालच्या वहीत उतरते.

व्यवस्थापनशास्त्राचा जनक टेलर असता तर त्याला हे चित्र ओळखीचं वाटलं असतं. १८९९मध्ये बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्याने दिवसाला साडेबारा टन बिडाच्या लाद्या उचलणाऱ्या मजुराकडून सत्तेचाळीस टन उचलून घेतले. मजुरी वाढली ती साठेक टक्के. दर टनावर, कामही टनावर. फरक एवढाच की टेलरच्या मजुराला संध्याकाळी घरी जाता येत होतं आणि काम सोडताही येत होतं.

मला विचाराल तर प्रेरणेच्या सगळ्या सिद्धांतांत एक अट दडलेली असते: माणूस दार उघडून निघून जाऊ शकतो. जो जाऊ शकत नाही, त्याला हुरूप देण्याची गरजच कुणाला पडत नाही. सहकाराने सभासदाला मालक केलं, हे मोठंच काम. पण मालकी पाटाच्या पाण्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आपल्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा फेटेवाला मुकादमाच्या वहीत डोकावत नाही.

आता सरळ आजच्या हंगामात या. कारखान्यांची नावं बदलली, काही ठिकाणी तोडणीयंत्रं आली, आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जानेवारी २०२४मध्ये वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. वाढ दराला मिळाली, उचलीची पद्धत तीच राहिली. तुम्ही बांधावर बसता. एक बाई वाढ्यांची पेंढी बांधते आहे. वाढे विकून येणारे चार पैसे हीच तिच्या हातातली रोकड.

"तुमी काय करता, भाऊ?"

कंपनीत माणसं नेमतो, तुम्ही म्हणता. चांगली माणसं टिकत नाहीत, म्हणून रुजू होतानाच त्यांना एकरकमी बोनस देतो.

"आधीच?"

हो. पण दोन वर्षांच्या आत सोडून गेला, तर परत भरावा लागतो.

ती पेंढीवर गुडघा देऊन गाठ आवळते. "म्हंजी उचलच की," ती म्हणते. "मग तुमच्यात मुकादम कोन? तुमीच का?"