पिस्तुलाचा परवाना, शूटिंग रेंज आणि पोलिस तपासणी : घरच्यांना माहीत हव्यात अशा गोष्टी

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्याआधी २०१८ मध्ये शहजर रिझवीने विश्वचषकात एअर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं होतं. अशा बातम्यांमुळे गोंदियासारख्या जिल्ह्यातली मुलंही "रेंजवर जाऊ का?" असं विचारतात. आईवडिलांच्या मनात मात्र पहिला प्रश्न पोलिसांचा येतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडसारख्या जंगलपट्टीतल्या गावात, जिथे पोलिसांची नाकाबंदी नेहमीची, तिथे ही काळजी साहजिक आहे. म्हणून कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ.

परवाना कोण देतो?

शस्त्र बाळगणं हा आपल्या देशात मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे आधी परवाना, मग शस्त्र. गोंदियात अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो; मुंबई, नागपूरसारख्या शहरांत पोलिस आयुक्तांकडे. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्यानंतर पोलिस ठाण्याकडून चौकशी होते.

नावावर शेती किंवा मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. सार्वजनिक हिताची बाब नसेल तर ते द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच द्यावा.

दादांची जुनी बंदूक

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पीक राखायला घेतलेली बंदूक दादांच्या नावावर असते, दादांचा इंतकाल होतो आणि ती तशीच माळ्यावर पडून राहते. वारसाला शस्त्र आपोआप मिळत नाही. परवानाधारक गेल्यावर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. परवानाधारक हयात असताना त्याचं वय ७० झालं, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तरी वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. विनापरवाना अग्निशस्त्र सापडलं तर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. "आम्हाला ठाऊक नव्हतं" हे कोर्टात चालत नाही.

रेंजवर जाणारी मुलं

सुरुवात बहुतेक १० मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफलने होते. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठी असेल तर लागतो. खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र जपून ठेवा. खऱ्या काडतुसांच्या शस्त्रावर १२ ते २१ वयाच्या मुलांना सराव करता येतो, पण नियमांच्या चौकटीत आणि जाणकारांच्या देखरेखीखाली. क्लबचं शस्त्र रेंजबाहेर न्यायचं नाही.

स्वतःचं परवान्याचं पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये, आणि बंदूक पूर्ण झाकलेली असावी. काडतुसं वेगळी ठेवा. हातात पिस्तूल धरून रील बनवणं म्हणजे पोलिसांना स्वतःहून बोलावणं.

पोलिसांनी विचारलं तर

रेंजवर असो वा रस्त्यात, शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा पोलिसांना अधिकार आहे. शस्त्राकडे हात नेऊ नका. "साहेब, बॅगेत पिस्तूल आहे, परवाना वरच्या खिशात आहे" असं आधी सांगा आणि मगच कागद काढा. परवाना दाखवता आला नाही तर पोलिस नाव-पत्ता विचारू शकतात आणि शस्त्र जप्त करू शकतात. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा खोटा वाटला, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणून मूळ परवाना सोबत ठेवा.

आपलेही हक्क आहेत. शस्त्र जप्त झालं तर जप्तीच्या यादीची प्रत मागा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. हुज्जत घालू नका, आणि न वाचता सही करू नका.

जंगल, यात्रा, शादी

नवेगाव-नागझिऱ्याच्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे, तुमच्याकडे परवाना असला तरी. शादीत, मिरवणुकीत किंवा धार्मिक ठिकाणी आनंदाने गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात्रा-उर्साच्या काळात जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश निघाला असेल तर तलवार घेऊन मिरवणंही महागात पडतं. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर पाळा आणि पावती घ्या.

या आठवड्यात एक काम करा. घरात जुनी बंदूक असेल तर कपाट उघडून परवाना कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते ते बघा. नाव मयत व्यक्तीचं असेल तर पोलिस येण्याची वाट न बघता, एखाद्या वकिलाला विचारून, आपणच ठाण्यात जा.