मऊ कवच : मोटारीच्या रंगावरील पारदर्शक फिल्मचा इतिहास

महामार्गावर पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकाखालून हरभऱ्याएवढा खडा उडतो, मागच्या मोटारीच्या बॉनेटवर आपटतो आणि रंगाचा टवका उडवतो. टवक्याखालचा पत्रा उघडा पडतो आणि पावसाळ्यात तेथे गंज धरू लागतो. हे टाळण्यासाठी आता अनेक नव्या मोटारींवर एक पारदर्शक फिल्म चिकटवतात. बाजारात तिला 'पेंट प्रोटेक्शन फिल्म' किंवा नुसते 'पीपीएफ' म्हणतात. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी असते. तिच्याखालचा रंग, सर्व थर मिळून, शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा असतो. म्हणजे कवच हे रंगापेक्षा जाड असते.

या फिल्मचा तुकडा हातात घेतला तर एक गोष्ट लगेच जाणवते. ती कडक नसते, रबरासारखी लवचीक असते. नखाने दाबली की दबते आणि सोडली की पूर्ववत होते. मोटारीचा रंग तिच्यापेक्षा कितीतरी कठीण असतो. मग प्रश्न असा, की कठीण रंगाच्या रक्षणासाठी त्याहून कठीण पदार्थ न वापरता मऊ पदार्थ का वापरतात? या प्रश्नाचे उत्तर मोटारीपेक्षाही जुने आहे.

वाळू, काच आणि जाळीचे कापड

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली एका यंत्राचे पेटंट घेतले. वाफेच्या किंवा दाबाखालील हवेच्या झोताबरोबर वाळूचे कण वेगाने फेकून काच व दगड कोरण्याचे हे यंत्र होते. आज कारखान्यांत ज्याला 'सँड ब्लास्टिंग' म्हणतात त्याची ही सुरुवात. वाळूच्या माऱ्याने काच क्षणात दुधी होते, यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. काचेवर जाळीचे नाजूक कापड पसरून वाळूचा मारा केला, तर काच झिजे, पण धाग्यांखालचा भाग शाबूत राही. मारा संपल्यावर काचेवर जाळीची नक्षी उमटलेली दिसे.

प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांनी १८७३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नायगारा धबधब्यावर व्याख्यान दिले. पाणी खडक कसा झिजवते हे सांगताना त्यांनी या यंत्राचाही दाखला दिला. ज्या कणांपुढे काच हार खाते, त्यांच्यापुढे धागा टिकतो, कारण धागा आघाताखाली लवतो.

याचे गणित आपण वर्गात शिकवतोच. गतिमान कण थांबवायचा म्हणजे त्याचा संवेग शून्य करायचा. तो किती वेळात शून्य होतो यावर बल अवलंबून असते. वेळ कमी, तर बल जास्त. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो तो यासाठीच. काच लवत नाही, म्हणून वाळूचा कण तिच्यावर अत्यल्प वेळात थांबतो आणि तेवढ्याच छोट्या जागी प्रचंड बल निर्माण होते. काचेत सूक्ष्म तडा जातो आणि कपची उडते. धागा दबतो, वेळ वाढवतो आणि बल घटवतो.

येथे दोन गुणधर्मांत फरक करायला हवा. ओरखड्याला होणारा विरोध म्हणजे काठिण्य आणि तुटण्याला होणारा विरोध म्हणजे चिवटपणा. मोज यांच्या काठिण्य श्रेणीत हिरा सर्वांत वर आहे, पण हातोड्याच्या घावाने त्याचे तुकडे होतात. रबराला या श्रेणीत स्थानच नाही, तरी दगडावर अक्षरे कोरणारे कारागीर वाळूच्या माऱ्यापासून उरलेला दगड वाचवण्यासाठी रबराचाच साचा वापरतात.

तत्त्व असे कळले होते. पण त्याचा मोटारीसाठी उपयोग व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. कारण तीन गोष्टी अजून नव्हत्या : जपण्याजोगा रंग, तो न बिघडवता चिकटणारा व निघणारा डिंक, आणि काचेसारखा पारदर्शक पण रबरासारखा चिवट पदार्थ. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

दारूगोळ्यातून आलेला रंग

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. जवसाच्या तेलातला रंग आणि वर व्हार्निश, तेही हाताने, ब्रशने, थरावर थर देऊन. सारे वाळून गाडी बाहेर पडायला काही आठवडे लागत. फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९१४ पासून दशकभराहून अधिक काळ फक्त काळ्या रंगात मिळे. डांबरासारख्या खनिज पदार्थापासून केलेला, भट्टीत भाजून पक्का करायचा तो काळा रंग स्वस्त व टिकाऊ होता.

हे चित्र पालटले ते स्फोटकांच्या रसायनामुळे. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. १८४६ च्या सुमारास शोनबाइन यांनी ते स्फोटक म्हणून पुढे आणले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीने बिनधुराच्या दारूसाठी त्याचे प्रचंड उत्पादन केले. युद्ध संपल्यावर त्याच ज्ञानाचा व कारखान्यांचा उपयोग शांततेच्या मालासाठी करायचे ठरले. द्रावकात विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजपासून कंपनीने १९२३ साली 'ड्यूको' हा रंग मोटारींसाठी आणला आणि जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांना तो दिला. फवाऱ्याने मारायचा हा रंग काही तासांत वाळे आणि हव्या त्या छटेत मिळे. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये व लाकूडकामात 'ड्यूको मारणे' हा शब्दप्रयोग आजही ऐकू येतो, तो येथून आला. अशा रंगांना इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ आपल्या 'लाक्षा' या शब्दात, म्हणजे लाखेत आहे.

रंग आता केवळ गंज रोखणारा थर राहिला नाही, तो गाडीच्या रूपाचा आणि म्हणून किमतीचा भाग झाला. जपण्याजोगी वस्तू अशी तयार झाली.

दोनरंगी गाड्या आणि चिकटपट्टी

रंग सहज मिळू लागताच दोनरंगी गाड्यांची फॅशन आली. एक रंग मारून झाला की तो झाकून शेजारी दुसरा मारायचा. रंगारी त्यासाठी वर्तमानपत्राचे कागद गोंदाने किंवा वैद्यकीय पट्ट्यांनी चिकटवत, आणि ते काढताना ताजा रंगही सोलून येई.

मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजची थ्रीएम, ही तेव्हा मुख्यतः सँडपेपर बनवणारी कंपनी होती. तिचा रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी सँडपेपरचे नमुने घेऊन सेंट पॉल शहरातील मोटारींच्या एका रंगशाळेत जात असे. रंगाऱ्यांची चिडचिड पाहून, रंगाला धक्का न लावता निघेल अशी पट्टी करून देतो, असे त्याने सांगून टाकले. ड्रूने अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडले होते. सुमारे दोन वर्षे खटपट करून १९२५ साली त्याने सुरकुत्यांच्या कागदावर सुतारी सरस व ग्लिसरीन यांच्या मिश्रणाचा थर दिला आणि 'मास्किंग टेप' तयार झाली. १९३० मध्ये त्यानेच सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी केली.

म्हणजे नुसत्या दाबाने चिकटणारी आणि हवी तेव्हा निघणारी औद्योगिक पट्टी मोटारीचा रंग वाचवण्याच्या गरजेतूनच घडली. पुढच्या पट्ट्यांमधला रबर-राळेचा डिंक मात्र काही वर्षांत पिवळा पडून वाळे. हा दोष ॲक्रिलिक डिंकाने दूर केला. १९६१ मध्ये बाजारात आलेली आणि न पिवळणारी 'मॅजिक टेप' याच डिंकाची.

चीजमधली भोके

तिसरी वाट जर्मनीतून निघाली. लेव्हरकुसेन येथील कारखान्यात ओटो बायर हे रसायनशास्त्रज्ञ होते. आडनाव तेच असले, तरी बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचे नाते नव्हते. १९३७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायआयसोसायनेट आणि दोन किंवा अधिक हायड्रॉक्सिल गट असलेली संयुगे यांच्यापासून लांब साखळीचे रेणू तयार केले. हेच पॉलियुरेथेन. सुरुवातीच्या एका नमुन्यात बुडबुडे राहिले, तेव्हा 'फार तर नकली चीज करायला उपयोगी' असा शेरा मारून तो परत पाठवला गेला, असे सांगतात. ते बुडबुडे पुढे गाद्यांचा व सोफ्यांचा फोम झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पॉलियुरेथेन बिनबुडबुड्यांचे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या बी. एफ. गुडरिच कंपनीत चार्ल्स शोलेनबर्गर यांनी त्याचा असा प्रकार विकसित केला, की जो तापवून वितळवता येतो, पत्र्यासारखा लाटता येतो आणि थंड झाल्यावर रबरासारखा वागतो. याचे रहस्य रेणूच्या रचनेत आहे. साखळीचे काही भाग ताठ असतात, तर काही लांब, नागमोडी व सैल. शेजारच्या साखळ्यांमधले ताठ भाग एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून गाठी तयार करतात. मधले सैल भाग ताणले जातात, पण गाठींमुळे साखळ्या घसरून दूर जात नाहीत. ताण सोडला की सारे मूळ जागी येते. पाळण्याच्या जाळ्याचे दोर आणि गाठी डोळ्यांसमोर आणल्या तर ही रचना समजते. १९५८ साली ड्यू पाँच्या जोसेफ शिव्हर्स यांनी बनवलेला ताणणारा धागा, जो आज मोज्यांत व खेळाच्या कपड्यांत असतो, याच तत्त्वाचा.

व्हिएतनाममधील धूळ

तिन्ही वाटा एकत्र आल्या त्या युद्धभूमीवर. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हेलिकॉप्टरचा पूर्वी कधी झाला नव्हता एवढा वापर केला. उघड्या जमिनीवर उतरताना व उडताना पंख्याचा झोत धुळीचा लोट उठवी आणि पाती त्यातूनच फिरत. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटरहून अधिक असतो. ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीचा वेग सेकंदाला २५ मीटर. वेग आठपट, म्हणून समान वस्तुमानाच्या कणाची आघाताची गतिज ऊर्जा चौसष्टपट. धातूच्या पात्यांची पुढची कड झपाट्याने झिजे. हा टिल्घमन यांच्या यंत्राचाच मारा होता.

यावर उपाय म्हणून थ्रीएमने पॉलियुरेथेनच्या चिवट फिल्मला मागून डिंक लावून पट्ट्या केल्या आणि त्या पात्यांच्या कडेवर चिकटवल्या. वाळूचा कण येऊन आपटे, फिल्म दबे, आघाताची बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाई आणि कण परत उडे. फिल्म झिजली की सोलून नवी लावायची. मूल्यवान पाते वाचे.

रणांगणातून रस्त्यावर

पुढे शर्यतीच्या मोटारींच्या पुढच्या भागावर आणि मग खासगी गाड्यांवर ही फिल्म येऊ लागली. पण हेलिकॉप्टरला दिसण्याची फिकीर नव्हती, मोटारीला होती. ज्या डायआयसोसायनेटच्या रेणूत बेंझिनचे वलय असते, त्यापासून झालेले पॉलियुरेथेन उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडते. पांढऱ्या गाडीवर असा पिवळा पट्टा कोण सहन करील? बेंझिनचे वलय नसलेल्या डायआयसोसायनेटचा वापर केल्यावर पिवळेपणा खूपच कमी झाला. महाग असले तरी हेच पॉलियुरेथेन आजच्या चांगल्या फिल्ममध्ये असते.

याच काळात मोटारीचा रंगही बदलला. १९८० च्या दशकापासून रंगीत थरावर 'क्लिअर कोट' नावाचा चकचकीत पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. सारी चमक याच ४०-५० मायक्रॉनच्या थरात असल्याने त्यावरचा प्रत्येक ओरखडा डोळ्यात भरू लागला आणि फिल्मची मागणी वाढली. आजच्या फिल्मवर आणखी एक पातळ थर असतो. त्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा कोमट पाण्याने भरून येतात. यात जादू नाही. उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढते आणि दाबले गेलेले सैल भाग आपल्या जागी परततात. थर कापलाच गेला असेल, तर मात्र तो सांधत नाही.

कवचाची किंमत

येथे इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पॉलियुरेथेन तयार झाल्यावर निरुपद्रवी असते, पण ज्यापासून ते होते ती आयसोसायनेटे तशी नाहीत. त्यांच्या निर्मितीत सामान्यतः फॉस्जीन वापरतात, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये ज्याने हजारो माणसे मारली तो मेथिल आयसोसायनेट याच कुटुंबातला. तो पॉलियुरेथेनसाठी नव्हे, कीटकनाशकासाठी बनवला जात होता, पण त्याच्या अंगी असलेला आयसोसायनेट गट तोच.

धोका फक्त मोठ्या कारखान्यांतच नाही. गॅरेजमध्ये आज मोटारींना जो दोन डब्यांचा रंग देतात, त्याच्या एका डब्यात, म्हणजे 'हार्डनर'मध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासातून सतत आत गेला तर दमा जडतो आणि एकदा जडला की अगदी अल्प मात्राही त्रास देते. नाकाला नुसता रुमाल बांधून फवारा मारणारा रंगारी गाडीला कवच देतो, पण स्वतः कवचाशिवाय उभा असतो. नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी रंगखोली हे उपाय माहीत आहेत. प्रश्न ते पुरवण्याचा आहे.

वर्गासाठी

हा इतिहास शिकवण्याजोगा आहे, कारण त्यात कोणी एकटा शोधक नाही. दारूगोळ्याचे रसायन, रंगाऱ्यांची अडचण, फसलेला नमुना आणि युद्धातली धूळ यांची गाठ पडली तेव्हा १८७० साली दिसलेले तत्त्व कामाला आले. मोज यांची श्रेणी शिकवताना मुलांना विचारावे : वाळूच्या झोतापुढे काच आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, तर आधी कोण झिजेल आणि का? 'काच कठीण, म्हणून ती टिकेल' असे उत्तर आले, की संवेगाचा धडा तेथूनच सुरू करावा.