यज्ञदक्षिणा आणि अक्षयनीवी

यज्ञसंस्थेचा विचार बहुधा कर्मकांड आणि हिंसा या दोन अंगांनी केला जातो. पुरोहितवर्गाची उपजीविका हे तिचे तिसरे अंग मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः यज्ञ इतका दीर्घकाळ का टिकला, याचे एक उत्तर तेथेच आहे.

प्राचीन इस्राएलातील व्यवस्था या दृष्टीने बोलकी आहे. तेथील धर्मशास्त्रानुसार याजककुळास भूमीचा वाटा नव्हता. वेदी हेच त्याचे वतन. होमबलीचे कातडे, शांत्यर्पणाच्या पशूचा ऊर व उजवी मांडी आणि अन्नार्पणाचा उरलेला भाग याजकाचा असे. लेवींना लोकांकडून दशमांश मिळे आणि त्याचाही दशमांश ते याजकांस देत.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचा पुरावा नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेला आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील सातवाहन राणी नागनिकेच्या या प्राकृत लेखात यज्ञागणिक दक्षिणा नोंदली आहे : अग्न्याधेयास 12 गाई व 1 घोडा, अन्यत्र 1,700 गाई व 10 हत्ती, एके ठिकाणी 11,000 गाई व 1,000 घोडे, शिवाय हजारो कार्षापण. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरील संपत्ती यज्ञमंडपातून कोणाकडे वळत होती, हे यावरून स्पष्ट होते.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्त या व्यवस्थेच्या मुळाशी जाते. बिंबिसाराने दिलेल्या खाणुमत गावाचा उपभोग घेणारा ब्राह्मण कूटदन्त महायज्ञासाठी बैल, गोऱ्हे, कालवडी, शेळ्या व मेंढे प्रत्येकी 700 आणवतो. तथागत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. त्या राजाचा पुरोहित आधी शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन देण्यास सांगतो. नंतरच्या यज्ञात एकही पशू मारला जात नाही.

मग भिक्खुसंघाचा निर्वाह कसा होई? नाशिकच्या लेणे क्र. 10 मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा 1 व्याज होते. वर्षाचे 240 कार्षापण, म्हणजे वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मूळ रकमेस हात लावावयाचा नव्हता. हीच अक्षयनीवी.

याच उषवदाताने ब्राह्मणांस 3,00,000 गाई दिल्याचेही लेण्यात नमूद आहे. तेव्हा संघ काय किंवा पुरोहित काय, दोघेही दात्यांवर अवलंबून होते, हे नाकारता येत नाही. भेद आहे तो निर्वाहाच्या अटीत. याजकाचा वाटा मिळण्यास वेदीवर बली यावा लागे, ऋत्विजाच्या दक्षिणेस यज्ञ व्हावा लागे. भिक्खूच्या चीवरास माग चालणे पुरेसे होते.

मुर्धा-भाईंदरच्या परिसरातून कान्हेरी दूर नाही. तेथील एका लेखात मगलठाण, म्हणजे आजचे मागाठाणे, येथील शेताचे दान नोंदले आहे. ज्याची भाकरी बलीवर अवलंबून असते, त्याला बली सोडा असे नुसते सांगून भागत नाही; भाकरीची दुसरी वाट दाखवावी लागते. ती वाट या शेतातून आणि त्या मागावरून गेलेली दिसते.