हायफा : शिलेदाराचे न लिहिलेले प्रवासवर्णन

भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरील हायफा हे शहर खालून वर वाचावे लागते. पायथ्याशी बंदर आणि रेल्वे, त्यावर जुन्या वस्त्या आणि सर्वांच्या माथ्यावर कार्मेल पर्वताचा कणा. पॅलेस्टाइनमधील अरब सत्ताधीश झाहिर अल-उमर याने १७६१ च्या सुमारास जुनी वस्ती मोडून हे गाव थोडे पूर्वेला नव्याने वसवले. १८६८ नंतर जर्मन टेम्पलर पंथीयांनी येथे आपली लाल कौलांची वसाहत उभारली. १९०५ मध्ये हेजाझ रेल्वेचा फाटा समुद्रापर्यंत आला आणि १९३३ मध्ये खोल पाण्याचे बंदर खुले झाले. उतारावरील बहाई मंदिराचा सोनेरी घुमट १९५३ मध्ये पूर्ण झाला. प्रवासी हे सारे एका दिवसात पाहू शकतो, कारण प्रत्येक थरावर कोणी ना कोणी आपले नाव लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते लिहिले नाही, त्यांचा शोध प्रवाशाच्या वाटाड्याला सहसा घेता येत नाही.

म्हैसूरच्या पश्चिम कडेला असलेल्या बोगादीतून या शहराकडे पाहताना असाच एक हरवलेला पाहुणा नजरेसमोर येतो. आधी एक जुना योग नोंदवला पाहिजे. हायफासमोरच्या उपसागराच्या दुसऱ्या टोकाला अक्का हे तटबंदीचे शहर आहे. १७९९ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत नेपोलियनने त्याला वेढा घातला होता. त्याच्या जखमी सैनिकांची सोय कार्मेलवरील मठात करण्यात आली होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याने इजिप्तमधून टिपू सुलतानला लिहिलेले पत्र श्रीरंगपट्टणला पोचलेच नाही. ४ मे रोजी बोगादीपासून वीसेक किलोमीटरांवरच्या त्या किल्ल्यात टिपू पडला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नेपोलियनला अक्क्याचा वेढा उठवावा लागला. एकाच इंग्रजी सत्तेशी झुंजणाऱ्या दोन तटांचे भवितव्य असे एका महिन्यात ठरले.

११९ वर्षांनी म्हैसूरचा माणूस त्या उपसागराच्या काठी खरोखरच पोचला, पण त्या वेळी तो इंग्रजांच्या बाजूने लढत होता. म्हैसूर लान्सर्स हे संस्थानी घोडदळ १९१४ मध्येच सुवेझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तमध्ये गेले होते. म्हणजे १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाची स्थापना होत असताना त्याच राज्याचे स्वार वाळवंटात तळ देऊन होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी त्यांच्या ब्रिगेडला हायफा घेण्याचा हुकूम झाला. एका बाजूला किशोन नदीचा दलदलीचा काठ, दुसऱ्या बाजूला कार्मेलची उभी चढण, आणि मधल्या अरुंद वाटेवर तुर्कांच्या तोफा व मशीनगनी. जोधपूर लान्सर्सनी सरळ शहरावर घोडी घातली. त्यांत मेजर दलपतसिंह शेखावत मारले गेले. म्हैसूरच्या एका तुकडीला डोंगरावरच्या तोफा बंद पाडण्याचे काम मिळाले. खडकाळ पायवाटेने चढताना घोडी लंगडी होऊन मागे पडत गेली आणि अखेरचा हल्ला उरलेल्या मोजक्या स्वारांनीच केला. संध्याकाळपर्यंत शहर पडले. सुमारे १,३५० कैदी हाती आले. ब्रिगेडचे ८ जण मरण पावले, ३४ जखमी झाले आणि ६० घोडी मेली.

म्हैसूरच्या या घोडदळाची वंशावळ मराठी वाचकाने विशेषेकरून पाहावी अशी आहे. १८९२ मध्ये उभे राहिलेले हे लान्सर्स जुन्या शिलेदार पागेतून आकाराला आले. ‘शिलेदार’ म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार, ‘बारगीर’ म्हणजे धन्याच्या घोड्यावर बसणारा. पेशवाईच्या कागदांतून आपल्याला परिचित असलेले शिलेदार हे नाव म्हैसूरच्या लष्करात नांदत होते. मराठी घरात जन्मलेले दिवाण पूर्णय्या राज्याचा कारभार पाहत असताना हेच घोडदळ वेलस्लीबरोबर उत्तरेकडे गेले आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेसमोर उभे राहिले. केळणा नदीच्या दक्षिणेस राहून शत्रूच्या स्वारांवर नजर ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. असई आणि हायफा यांची तारीख एकच असावी, हा निव्वळ योगायोग आहे. परंतु दोन्ही ठिकाणी म्हैसूरचा स्वार दुसऱ्याने आखलेल्या युद्धात उभा होता, याला योगायोग म्हणता येत नाही. तैनाती फौजेच्या राजकारणाने ते ठरवून ठेवले होते.

हायफाला पाहुणा म्हणून येणाऱ्यांच्या दोन कथा जागतिक साहित्यात आहेत. थिओडोर हर्झलच्या १९०२ मधील ‘आल्टनॉयलांड’ या कादंबरीतील प्रवासी १९२३ सालच्या कल्पित हायफात समुद्रमार्गे उतरतात आणि त्यांना भविष्यातील वैभवशाली बंदर दिसते. १९३६ मध्ये अक्क्यात जन्मलेल्या घस्सान कनाफानीच्या ‘हायफाला परत’ या १९६९ मधील कथेत एक अरब जोडपे १९६७ च्या युद्धानंतर आपलेच जुने घर पाहायला येते. १९४८ च्या एप्रिलमधील धुमाळीत त्यांचे तान्हे मूल त्या घरात राहून गेलेले असते. त्या महिन्यात शहरातील बहुसंख्य अरब रहिवासी निघून गेले वा घालवले गेले. एकाला शहर पुढे दिसते, दुसऱ्याला मागे. या दोन दृष्टींच्या मध्ये, १९१८ च्या त्या दुपारी, म्हैसूरचा स्वार उभा आहे आणि त्याला काय दिसले हे सांगणारे पुस्तक आपल्या कपाटात नाही.

अशा पुस्तकाची किंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला नसता, तर १८५७ ची झाशी आपल्याला सेनापतींच्या अहवालांतूनच पाहावी लागली असती. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या एका वरसईकर भिक्षुकाने भूक, भीती, लूट आणि कोसळणारे शहर आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून तो इतिहास माणसांचा झाला. हायफाला असा गोडसे भटजी मिळाला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे उरले, तेही सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून. शिपायाचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो बहुधा सरकारी चाळणीतून गळूनच.

जिथे शब्द नसतात तिथे स्मारके बोलू लागतात, आणि स्मारकांना थोडक्यात बोलावे लागते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर यांचे तीन स्वार उभे आहेत. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात ‘हायफा’ची भर पडली. त्याआधी, २०१७ मध्ये, हायफातील हिंदी सैनिकांच्या दफनभूमीत भारताच्या पंतप्रधानांनी दलपतसिंहांच्या स्मृतिफलकाचे अनावरण केले. हा गौरव रास्तच आहे. भाल्यांनिशी मशीनगनींवर जाणाऱ्यांचे धैर्य कोणत्याही राजकारणाने उणे होत नाही. पण ‘हायफाची मुक्ती’ हा शब्द वापरताना इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. बाल्फोर जाहीरनामा निघून त्या वेळी दहा महिने झाले होते. तुर्कांच्या जागी इंग्रज आले आणि तीस वर्षांनी ते गेले तेव्हा त्याच गल्ल्यांत कोणाचा विजय झाला, कोणाचे घर गेले. यातील काहीही त्या स्वाराने ठरवले नव्हते. त्याच्या नावावर शौर्य जमा धरताना त्या शौर्याचा उपयोग कोणी केला, हे खर्चाच्या बाजूला मांडले नाही तर हिशेब अपुरा राहतो.

म्हणून हायफाच्या प्रवाशाने बंदरावरून कार्मेलकडे नजर टाकताना एक पायवाट मनात आखून घ्यावी. घुमट, मठ आणि बागा आपापली ओळख स्वतः करून देतात. त्या चढणीवर लंगडणाऱ्या घोड्याची लगाम धरून चालणारा, कन्नड, दख्खनी वा मराठी बोलणारा माणूस मात्र कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. तो जेता होता, आणि ज्याच्यासाठी जिंकला त्याचा अंकितही होता. ही दोन्ही विधाने एकाच वाक्यात लिहिता येतील अशी भाषा घडवणे, हे त्याच्या मागून आलेल्या वाचकांवरचे ऋण आहे.