गृहशिक्षण : घरातला दिवस आणि कायद्याची चौकट

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी असली, तरी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती आता अपरिचित राहिलेली नाहीत. या विषयावरची चर्चा बहुधा अभ्यासक्रमाभोवती फिरते. वास्तविक सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अभ्यासक्रम हा सोपा भाग होय. कठीण असते ती दिवसाची मांडणी आणि तो दिवस घरातील कोणी खर्ची घालायचा, हा निर्णय.

विचाराची पार्श्वभूमी

अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचे ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा आतून बदलतील ही आशा मावळल्यावर १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी शाळा नाकारली नाही. परंतु बोर्डी येथे १९४५ पासून शंख-शिंपले, बिया, खडे अशा परिसरातील वस्तूंतून बालशिक्षण कसे घडते, हे त्यांनी दाखवून दिले. घरी शिकवणाऱ्या पालकांना आजही तीच दिशा उपयोगी पडते.

दिवस कसा जातो

नव्याने सुरुवात करणारे पालक बहुधा घरातच वर्ग भरवतात. वेळापत्रक भिंतीवर लागते, तास ठरतात आणि महिनाभरात आई व मूल दोघेही थकतात. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, शिस्त व वह्यातपासणी यांत जाणारा वेळ घरी लागत नाही. एकट्या मुलाला समोर बसवून शिकवायचे, तर या वयात दीड-दोन तास पुरतात. उरलेले शिक्षण कामांतून होते.

गणिताचेच उदाहरण घ्या. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच उच्चारतो आणि मग वीस. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल पुष्कळदा ५२ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला होता. घरी मात्र दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची पाच नाणी मुलाच्या हाती देऊन वाण्याकडे पाठवले, की दशक-एककाचा घोळ आपोआप सुटू लागतो. तांदळाला दुप्पट पाणी मोजणे, कालनिर्णयवर पौर्णिमा किती दिवसांवर आहे ते पाहणे, बसची पाटी वाचणे हाही अभ्यासच असतो.

घरात दोन मुले असल्यास वेगळी अडचण येते. मोठे लिहायला बसले, की तीन वर्षांच्या धाकट्यालाही तीच पेन्सिल हवी असते. अशा वेळी धाकट्याला मटार सोलायला किंवा डाळी निवडून वेगळ्या करायला बसवावे आणि वाचन-लेखन त्याच्या दुपारच्या झोपेच्या वेळी उरकावे. सोसायटीतील मुले संध्याकाळीच खाली येतात, म्हणून तो खेळाचा वेळ कोणत्याही कारणास्तव बुडवू नये. सोबत्यांची उणीव आई-वडिलांना भरून काढता येत नाही.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना तो शिक्षणाची हमी देतो. कलम १० नुसार पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र त्यात कसूर झाल्यास पालकांना दंड करण्याची तरतूद अधिनियमात नाही. गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. म्हणजे त्याला स्पष्ट मान्यता नाही आणि नाव घेऊन केलेली मनाईही नाही. याउलट जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, तर इंग्लंडमध्ये शाळेबाहेर शिक्षण देण्याची मुभा कायद्यातच आहे.

परतीची वाट मात्र खुली आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. पुढे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा अर्जही आहे. त्याच्या अटी व मुदती आधी पाहून ठेवाव्यात.

भार कोणावर?

व्यवहारात गृहशिक्षण म्हणजे बहुतेक घरी आईची नोकरी सुटणे. स्वयंपाक, घरकाम आणि शिकवणे एकाच व्यक्तीकडे येते. दिवसाकाठी तिला स्वतःचा असा तासही उरत नाही. त्यात ‘अजून शाळेत का घातले नाही?’ या आजी-आजोबांच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही तिनेच द्यायचे असते. म्हणून निर्णयापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : वडिलांकडे रोजचा कोणता विषय वा वेळ राहील, एका पगारात घर किती वर्षे चालेल, आणि दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी या निर्णयाचा फेरविचार कधी करायचा. त्या फेरविचारात मुलाचे म्हणणेही ऐकावे. त्याला शाळेत जावेसे वाटले, तर तो गृहशिक्षणाचा पराभव मानण्याचे कारण नाही.